पुण्याच्या दुर्बिणीचे कावसजी

आमच्या कुर्ल्यात रात्री गच्चीवर गेलं, तर आकाशात मोजक्या चांदण्या दिसतात. मृग नक्षत्र मात्र अजून ओळखता येतं. मैत्रिणींनो, याच मृगाकडे पुण्यातून दुर्बीण लावून बसणारे एक पारशी प्राध्यापक होते, कावसजी दादाभाई नायगमवाला.

त्यांचा जन्म १८५७ चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते शिकले, तिथंच शिकवू लागले. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी कॉलेज पाहायला आले आणि प्रयोगशाळेसाठी पाच हजार रुपये देऊन गेले. सरकारनंही तेवढीच भर घातली. सामान आणायला कावसजी विलायतेला गेले. तिथं नॉर्मन लॉकियर यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञांनी सुचवलं, वेधशाळाच बांधा. १८८८ मध्ये ती पुण्याच्या सायन्स कॉलेजात उभी राहिली. तिथली वीस इंची दुर्बीण पुढं कित्येक वर्षं देशात सर्वांत मोठी होती.

लॉकियर यांचं मत होतं, की आकाशातले तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे. १८९१ मध्ये कावसजींनी मृगातल्या तेजोमेघाचा प्रकाश तपासला, तर तो या मताशी जुळेना. ज्यांनी वाट दाखवली त्यांच्याच विरुद्ध कसं लिहायचं? पण कावसजींनी दिसलं तेच लिहिलं.

१८९६ चं सूर्यग्रहण पाहायला ते थेट नॉर्वेला गेले. नेमके ढग आले! तरी खचले नाहीत. २२ जानेवारी १८९८ ला सोलापूरकडच्या जेऊरला त्यांनी खग्रास ग्रहण पाहिलं, त्याची नोंद केली. आपल्याकडे आजही ग्रहणात गरोदर सुनेला घरात बसवून ठेवतात!

१९१२ मध्ये कावसजी निवृत्त झाले आणि वेधशाळेला कुलूप लागलं. दुर्बीण दक्षिणेत कोडाईकॅनॉलच्या डोंगरावर, दोन हजार मीटरहून उंच असलेल्या वेधशाळेत गेली. तिथं काळंभोर आकाश होतं, पण ती पुन्हा उभी राहायला बराच काळ जावा लागला. १९३८ मध्ये कावसजी गेले.

एवढं मोठं काम एका माणसाच्या खांद्यावर होतं. तो बाजूला झाला, की सगळं थांबलं. आपल्या महिला मंडळांत, बचत गटांत हेच होतं. एक ताई सगळं सांभाळते, ती आजारी पडली की वह्या कपाटात जातात. म्हणून काम करता करताच दुसरीला शिकवायला हवं.