हेन्री मॉडस्ले : पगारवाढ मिळाली नाही, मग स्वतःचं वर्कशॉप टाकलं

जुनं छोटं लेथ मशीन दुरुस्तीला काढलं, की स्लाइड रेस्ट, लीड स्क्रू आणि चेंज गिअर आधी तपासतात. हे तिन्ही एकत्र नीट बसवले ते हेन्री मॉडस्लेने.

जन्म 1771, लंडनजवळच्या वुलिचमध्ये. बाराव्या वर्षी शस्त्रागारात काडतुसं भरायचा. अठराव्या वर्षी कुलपं बनवणाऱ्या जोसेफ ब्रामाकडे लागला, पुढे तिथेच फोरमन झाला. पण आठवड्याला 30 शिलिंगांत घर चालेना. 1797 मध्ये वाढ मागितली, नकार मिळाला, आणि गडी बाहेर पडला.

तेव्हा आटे बरेचदा हातानेच पाडायचे. एका बोल्टचा नट दुसऱ्याला बसेलच असं नाही! मॉडस्लेच्या लेथवर टूल हातात धरायचंच नाही. ते स्लाइड रेस्टमध्ये घट्ट बसतं आणि लीड स्क्रू त्याला ठरलेल्या वेगाने सरकवतो. गिअर बदलले की आट्यांमधलं अंतर बदलतं. (सुटे भाग आधीही होते, त्यामुळे त्याला 'शोधक' म्हणताना जरा जपून.) मापाचा वाद झाला की निकाल त्याच्या 'लॉर्ड चॅन्सेलर' नावाच्या मायक्रोमीटरवर.

1831 मध्ये तो गेला. त्याच्याकडे काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये आट्यांचं प्रमाण मांडलं. बऱ्याच जुन्या ब्रिटिश लेथवर तेच आटे असतात, म्हणून तुमचा मेट्रिक बोल्ट तिथे अडतो.