रिकामा चौथरा

२७ ऑक्टोबर १९५४ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये एक विलक्षण मैफल झाली. वाद्यवृंद सज्ज होता, श्रोते उत्सुक होते. मात्र संचालकाचा चौथरा रिकामाच होता. त्या रिकाम्या चौथऱ्यासमोर वादकांनी द्वोर्झाकची ‘न्यू वर्ल्ड’ सिम्फनी निर्वेधपणे वाजविली. भरताने सिंहासनावर पादुका ठेवून राज्य चालविले, त्याच जातीची ही निष्ठा होती. ज्याच्यासाठी ती जागा मोकळी ठेवण्यात आली होती, तो आर्तुरो तोस्कानिनी त्या वेळी हयात होता. सत्त्याऐंशी वर्षांचा आणि निवृत्त.

२५ मार्च १८६७ रोजी इटलीतील पार्मा येथे एका शिंप्याच्या घरी त्याचा जन्म झाला. संगीतविद्यालयात तो चेलो शिकला आणि वादक म्हणूनच एका ऑपेरामंडळीबरोबर दक्षिण अमेरिकेत गेला. १८८६ मध्ये रिओ द जानेरो येथे प्रेक्षकांनी संचालकांना हुसकावून लावले, तेव्हा सहकाऱ्यांच्या आग्रहावरून एकोणीस वर्षांचा हा पोरगा चौथऱ्यावर चढला आणि व्हेर्दीचा ‘आइदा’ त्याने स्वरलिपीकडे न पाहता पार पाडला. वादकांनीच त्याला संचालक केले, ही गोष्ट त्याच्या चरित्राच्या आरंभीच ध्यानात ठेवली पाहिजे.

पुढे मिलानचे ला स्काला, न्यूयॉर्कचे मेट्रोपोलिटन ऑपेरा आणि न्यूयॉर्क फिलहार्मॉनिक अशी शिखरे त्याने गाठली. दृष्टी अधू असल्याने शेकडो रचना त्याने मुखोद्गत केल्या होत्या. त्याचा संतापही तितकाच प्रसिद्ध होता. तालमीत छड्या मोडत, स्वरलिप्या भिरकावल्या जात. १९१९ मध्ये तुरीन येथे त्याने एका व्हायोलिनवादकाला इजाच केली. खटल्यातून तो निर्दोष सुटला. न्यायालयाने सोडले तरी त्या कृत्याचे समर्थन करता येणार नाही. प्रतिभा हा काही दुसऱ्याच्या अंगावर हात टाकण्याचा परवाना नव्हे.

आणि तरीही चौथऱ्यावरचा हा जुलमी पुरुष चौथऱ्याखाली जुलमापुढे कधी वाकला नाही. १९३१ मध्ये बोलोन्या येथे फॅसिस्टांचे गीत वाजविण्यास नकार दिल्याबद्दल त्याने मार खाल्ला. १९३३ मध्ये ज्यू संगीतकारांच्या छळाचा निषेध म्हणून बायरॉइटच्या महोत्सवाकडे त्याने पाठ फिरविली. १९३६ च्या डिसेंबरात युरोपातून परागंदा झालेल्या ज्यू वादकांच्या नव्या वाद्यवृंदाचा पहिला कार्यक्रम त्याने तेल अवीव येथे विनामोबदला संचालित केला. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांनी पुढे अनेक दशके आणि २०१९ पर्यंत सांभाळला, तो हाच वाद्यवृंद.

१९३७ मध्ये अमेरिकेतील एन. बी. सी. या नभोवाणी कंपनीने खास त्याच्यासाठी वाद्यवृंद उभारला. सतरा वर्षे हे वादक त्याची बोलणी खात राहिले. ते केवळ वेतनासाठी, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. जी शिस्त तो त्यांना लावी, तीच तो स्वतःलाही लावी. स्वतःच्या चुकीवरही तो तितकाच भडके. रचनाकाराने लिहिलेला स्वर हा दोघांचाही धनी होता, आणि त्या धन्यापुढे संचालक व शेवटच्या रांगेतला वादक यांची पायरी एकच होती. १९४० च्या दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यात एक वादक अपघातात दगावला, तेव्हा म्हाताऱ्याला धक्का बसेल म्हणून सहकाऱ्यांनी ती वार्ता काही काळ त्याच्यापासून लपवून ठेवली. ज्याचे केवळ भय वाटते त्याला कोणी असे जपत नाही.

४ एप्रिल १९५४ रोजी वाग्नरचे संगीत चालू असता त्या अजोड स्मृतीने त्याला क्षणभर दगा दिला. हात थबकला. प्रमुख चेलोवादकाने खुणा करून सहकाऱ्यांना सावरले. ती मैफल अखेरची ठरली. टाळ्यांसाठी तो परतला नाही.

कंपनीने लगेच वाद्यवृंद मोडीत काढला. तिच्या हिशेबी संचालक गेला की वादक उरत नव्हते. वादकांना तो हिशेब मान्य नव्हता. त्यांनी स्वतःची संस्था स्थापिली, संचालकाविना मैफल करून दाखविली आणि १९५५ मध्ये आशियाचा दौराही केला. १६ जानेवारी १९५७ रोजी तोस्कानिनी निवर्तला, तेव्हा त्याच्या स्मृतिसभेत वाजविण्याचा मान त्यांचाच होता. १९६३ मध्ये मात्र ही संस्थाही विसर्जित झाली.

यात दोन बोध आहेत आणि ते एकमेकांना छेद देणारे आहेत. नेत्याने दिलेली शिस्त अनुयायांच्या अंगी खरोखर मुरली असेल, तर त्याच्या गैरहजेरीतही काम बेसूर होत नाही, हे त्या ऑक्टोबरच्या रात्रीने सिद्ध केले. पण एकाच व्यक्तीसाठी उभारलेली संस्था निव्वळ निष्ठेवर फार काळ तगत नाही, हे पुढच्या नऊ वर्षांनी दाखविले. निष्ठेने चौथरा रिकामा ठेवणे सुंदर असते. त्यावर पुढे कोण उभा राहील, याची तजवीज वेळीच करणे हे अधिक कठीण आणि अधिक आवश्यक असते.