रबराच्या शंकूवर बसलेली गाडी

गाडी घेऊन वर्ष झाले की अनेकांना तिच्या सस्पेन्शनमध्ये काहीतरी बदल करावासा वाटतो. कुणाला ती खाली बसवून घ्यायची असते, कुणाला घाटात डुलू नये म्हणून कडक शॉकअप हवे असतात, तर कुणाच्या घरी आईची कंबर धरते म्हणून गाडी मऊ करून हवी असते. गॅरेजमधला मिस्त्री यातली एक इच्छा पुरी करतो तेव्हा दुसरी थोडी मोडते. त्यात त्याचा दोष नाही. मऊपणा आणि रस्त्यावरची पकड यांचे हे भांडण जुने आहे, आणि ते मिटवण्यात आयुष्याची तीसेक वर्षे घालवणाऱ्या माणसाचे नाव होते ॲलेक इसिगोनिस. जग त्यांना मिनी या छोट्या गाडीचा जनक म्हणून ओळखते. पण त्यांचा मूळ पेशा सस्पेन्शनचा, हे फारसे सांगितले जात नाही.

१९०६ साली स्मिर्ना बंदरात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीर शहरात, त्यांचा जन्म झाला. वडील ग्रीक वंशाचे पण ब्रिटिश नागरिक, आई बव्हेरियाची. घरचा जहाजांच्या इंजिनांशी संबंधित कारखाना होता आणि मुलाचे बालपण त्याच यंत्रांच्या आवाजात गेले. १९२२ मध्ये युद्धाच्या धामधुमीत शहर पेटले, तेव्हा ब्रिटिश आरमाराने आपल्या नागरिकांना बोटीत घालून माल्टाला नेले. कारखाना गेला, घर गेले आणि माल्टामध्येच वडीलही गेले. आई आणि मुलगा जवळपास रिकाम्या हातांनी इंग्लंडला पोहोचले. पुढे आईच्या मृत्यूपर्यंत, १९७२ पर्यंत, दोघे एकाच घरात राहिले. इसिगोनिस यांनी लग्न केले नाही.

लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये ते शिकले, पण गणिताच्या परीक्षेत तीनदा नापास झाले. चित्रकलेत मात्र हात विलक्षण होता. पुढे आयुष्यभर ते कल्पना कागदावर पेन्सिलीने रेखाटायचे आणि आकडेमोड इतरांवर सोपवायचे. शुद्ध गणिताबद्दलचा राग त्यांनी कधी लपवला नाही. (गणितात मार खाल्लेल्या मुलांच्या पालकांनी यातून फार मोठा दिलासा घेऊ नये. त्यांच्या हाताखाली उत्तम गणिती होते.)

१९३४ मध्ये ते हंबर कंपनीत लागले आणि तिथे त्यांच्या वाट्याला सस्पेन्शनचे काम आले. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत पुढची दोन्ही चाके एकाच आडव्या लोखंडी आसाला जोडलेली असत आणि तो आस पाट्यांवर बसलेला असे. एक चाक दगडावर चढले की दुसरेही तिरके होई. स्टिअरिंग थरथरू नये म्हणून पुढचे पाटे कडक ठेवावे लागत. परिणामी गाडी नाक वर-खाली करत चाले आणि मागच्या सीटवरच्या माणसाचे हाल होत. याच सुमारास अमेरिकेत मॉरिस ऑली नावाचे अभियंता एका चाचणीच्या गाडीवर वजने पुढे-मागे सरकवून पाहत होते. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ असल्या तर हे डुलणे लवकर शांत होते, असे त्यांना आढळले. त्यासाठी पुढची चाके एकमेकांपासून सुटी करणे भाग होते. इसिगोनिस यांनी हे काम हाती घेतले आणि १९३६ मध्ये ते ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील मॉरिस कंपनीत गेले.

इथे थोडे शरीराबद्दल बोलायला हवे, कारण सस्पेन्शन शेवटी मणक्यासाठी असते. माणूस चालतो तेव्हा त्याचे शरीर सेकंदाला साधारण दोनदा वर-खाली होते आणि मेंदूला त्याची जन्मभराची सवय असते. आरामदायी गाडी स्प्रिंगांवर सेकंदाला एक ते दीड वेळा हलते, म्हणजे या सवयीच्या आसपासच. ही हालचाल फार संथ झाली, सेकंदाला अर्ध्यापेक्षाही कमी, तर आतल्या कानाचा तोल सांभाळणारा भाग गोंधळतो आणि माणसाला बोट लागते. उलट सेकंदाला चार ते आठ कंपने होऊ लागली की पोटातले अवयव आणि कण्याचा खालचा भाग त्या तालावर स्वतःच हलू लागतात. बसणाऱ्याला सर्वाधिक त्रास देणारी हीच पट्टी. कडक सस्पेन्शनची गाडी खराब रस्त्यावर नेमकी या पट्टीकडे सरकते. म्हणून दोन तासांच्या प्रवासानंतर कंबर बोलू लागते.

मग मऊच का ठेवू नये? कारण मऊ गाडी वळणावर कलते, ब्रेक मारला की नाक खाली घालते, आणि वजन एका बाजूला गेले की चालकाच्या हातून निसटू लागते. पण कडक म्हणजे पकड पक्की, हेही अर्धसत्य आहे. टायर रस्त्याला चिकटलेला असेल तोवरच गाडी वळते आणि थांबते. उंचसखल रस्त्यावर फार कडक स्प्रिंग चाकाला खळग्यात उतरू देत नाही. चाक क्षणभर हवेत राहते आणि त्या क्षणी पकड शून्य असते. शर्यतीच्या गुळगुळीत मार्गावर जे शोभते ते तालुक्याच्या रस्त्यावर नडते, ते यामुळे.

इसिगोनिस यांनी हे स्वतःच्या हाडांवर शिकून घेतले होते. जॉर्ज डाउसन या मित्राबरोबर त्यांनी फावल्या वेळात, बहुतेक काम हातांनी करत, एक हलकी शर्यतीची गाडी बांधली. तिला अनेक वर्षे लागली. तिच्यात पोलादी स्प्रिंगांऐवजी रबर होते. छंदातली ही कल्पना वीस वर्षांनी लाखो गाड्यांखाली जाणार होती.

त्याआधी आली मॉरिस मायनर. १९४८ मध्ये बाजारात आलेल्या या गाडीत पुढच्या चाकांसाठी त्यांनी टॉर्शन बार वापरला. ही एक लांब पोलादी कांब असते, एका टोकाला घट्ट बांधलेली. चाक वर गेले की ती पिळली जाते आणि पीळ सुटताना चाकाला परत खाली ढकलते. जागा कमी लागते आणि चाक मोकळे राहते. इंजिन त्यांनी पुढे सरकवले, त्यामुळे गाडी सरळ धावू लागली. नमुना तयार झाल्यावर ती त्यांच्या नजरेला अरुंद वाटली. त्यांनी ती मधोमध उभी कापायला लावली, दोन्ही भाग दूर सरकवून पाहिले आणि चार इंच अंतरावर समाधान झाले. निर्णय डोळ्यांनी घेतलेला होता, पण चाकांतले अंतर वाढले की गाडी वळणावर कमी कलते, हा लाभ त्यात आपोआप आला. कंपनीचे मालक लॉर्ड नफील्ड यांना मात्र तिच्यात पाण्यात सोडलेले अंडे दिसले. तरी दहा लाखांचा टप्पा गाठणारी ती पहिली ब्रिटिश गाडी ठरली.

१९५२ मध्ये कंपन्यांचे विलीनीकरण झाले आणि ते अल्विस कंपनीत गेले. तिथली महागडी गाडी कधीच बाजारात आली नाही, पण तिच्या निमित्ताने ॲलेक्स मोल्टन या रबरतज्ज्ञाशी गाठ पडली. लवकरच लिओनार्ड लॉर्ड यांनी त्यांना परत बोलावले. १९५६ मध्ये सुएझ कालव्याचा पेच उभा राहिला, ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग आले आणि हुकूम सुटला: चार माणसांची, छोटी, काटकसरी गाडी हवी.

मिनीची लांबी दहा फूट. इंजिन आडवे बसवले, गिअरबॉक्स त्याच्या पोटात घातला, चाके अवघ्या दहा इंचांची करून चार कोपऱ्यांत ढकलली. आता सस्पेन्शनचा प्रश्न गंभीर झाला. गाडीचे वजन सुमारे ६०० किलो. चार माणसे बसली की त्यात जवळपास निम्म्याची भर. एकट्या चालकाला मऊ वाटेल अशी स्प्रिंग चौघे बसल्यावर पार दबून जाईल, आणि चौघांना पेलणारी स्प्रिंग एकट्याचे दात वाजवील. मोल्टन यांच्या रबरी शंकूने यातून वाट काढली. रबर जसजसे दाबावे तसतसे अधिक कडक होते, म्हणून ओझे वाढले की सस्पेन्शन स्वतःच ताठरते. शंकू मुठीत धरण्याजोगा लहान, त्यामुळे आतली जागाही वाचली.

२६ ऑगस्ट १९५९ रोजी मिनी आली. वळणावर ती रुळावरून धावल्यासारखी जाई. १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये तिने माँटे कार्लो रॅली जिंकली. आराम मात्र तिच्यात नव्हता; चाके जवळ असल्याने ती खड्ड्यांवर घोड्यासारखी उसळे. खरे तर इसिगोनिस यांना आरामाचे फारसे कौतुकही नव्हते. सीट फार सुखाची असली की चालक सुस्तावतो, असे त्यांचे मत होते आणि गाडीत रेडिओ त्यांना नको असे. स्वतः ते सतत सिगारेट ओढत, म्हणून ॲशट्रे मात्र हवाच. इथे त्यांचे चुकले असे मला वाटते. थकलेली कंबरही चालकाचे लक्ष उडवते.

मात्र उपायही त्यांनी आणि मोल्टन यांनीच आणला. १९६२ च्या मॉरिस ११०० मध्ये एका बाजूचे पुढचे आणि मागचे चाक द्रवाच्या नळीने जोडलेले होते. पुढचे चाक उंचवट्यावर चढले की द्रव मागे ढकलला जाई आणि मागची बाजूही उचलली जाई, म्हणजे गाडी नाक न उडवता सपाट वर येई. वळणावर मात्र एका बाजूची दोन्ही चाके एकदम दबत, द्रवाला पळायला जागा नसे आणि गाडी ताठ राही. डुलण्यासाठी मऊ आणि कलण्यासाठी कडक, असा तो बेत. १९६४ मध्ये मिनीलाही तो मिळाला, पण खर्चापायी काही वर्षांतच ती पुन्हा रबरी शंकूंवर आली.

हौशी मंडळींनी या शंकूंशीही खेळ केला. शंकूला चाकाशी जोडणारा दांडा कापून आखूड केला की मिनी खाली बसे. वळणावर ती आणखी छान वागे, पण चाकाला वर जायला अंतर उरत नसे. मोठा खड्डा आला की सस्पेन्शन थेट टेकणीवर आदळे आणि धक्का सरळ पाठीत येई. नंतर मोठी चाके आणि कमी उंचीचे टायर आले, तेव्हा टायरमधली हवेची गादीही पातळ झाली. आज आपल्याकडे गाडी बसवून घेणाऱ्यांचा अनुभव याहून वेगळा नाही.

इसिगोनिस १९६७ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९६९ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. १९७१ मध्ये ते निवृत्त झाले, पण घरी बसून रेखाटत राहिले. मिनीची जागा घेणारी आणखी हलकी गाडी त्यांच्याकडे तयार होती. कंपनीने ती घेतली नाही. २ ऑक्टोबर १९८८ रोजी बर्मिंगहॅममध्ये त्यांचे निधन झाले. मिनी २००० पर्यंत बनत राहिली, ५३ लाखांहून अधिक.

आपल्या रस्त्यांशी त्यांचे नाते मिनीतून नाही, तर मॉरिस ऑक्सफर्डमधून आले. मायनरबरोबरच १९४८ मध्ये आलेल्या त्या थोरल्या भावंडातही पिळाची कांब होती आणि तिच्यावरूनच हिंदुस्थान १४ बनली. पुढे ऑक्सफर्डच्याच नंतरच्या अवताराची आपल्याकडे ॲम्बॅसिडर झाली. मागे पाटे, पुढे टॉर्शन बार, मधल्या सीटवर चौघे आणि मांडीवर एक मूल अशी ती पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्यातून २०१४ पर्यंत बाहेर पडत होती.