तुमच्या एचडी व्हिडिओतले कोसंबी सर

रात्रीचे साडेनऊ वाजलेत. धरमपेठेतल्या भाड्याच्या फ्लॅटवर तुम्ही चौघं मॅचला चिकटून बसलाय. शेवटची ओव्हर सुरू होते आणि नेमका तेव्हाच बॅट्समनचा चेहरा चौकोन-चौकोनांचा होऊन जातो. बॉल कुठे गेला, पत्ताच नाही. शेजारच्या बिल्डिंगमध्ये आधी जल्लोष होतो, तुमच्या स्क्रीनवर सिक्स त्यानंतर पोचतो. मग काय बाप्पा, सगळा राग राउटरवर आणि नेटवाल्या भाऊवर!

राग काढा, हरकत नाही. पण एक प्रश्न कधी पडलाय का? नेट कमी पडलं की चित्र चौकोनीच का होतं? या प्रश्नाचा माग काढत गेलात, तर वाटेत एक माणूस भेटतो. तो १९६६ मध्ये गेला, त्याने इंटरनेट कधी पाहिलंच नाही. तुमच्यापैकी जे एमपीएससी-यूपीएससीचा अभ्यास करतायत त्यांना त्याचं नाव पाठ असेल, पण प्राचीन भारताच्या इतिहासासाठी. दामोदर धर्मानंद कोसंबी. हो, तेच डी. डी. कोसंबी! इतिहास हा त्यांचा छंद होता. पोटापाण्याचा धंदा होता गणिताचा.

आधी हिशेब

कोसंबींकडे जाण्याआधी दोन मिनिटं आपल्या नेटचा हिशेब करू. फुल एचडी चित्र म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. एका फ्रेममध्ये २० लाखांहून जास्त ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहायला २४ बिट लागतात. सेकंदाला २५ फ्रेम धरा. एका सेकंदाचे होतात जवळपास १२४ कोटी बिट, म्हणजे सव्वा जीबीपीएस. तुमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल, तर हे चित्र जसंच्या तसं आणायला तसे बारा प्लॅन लागतील.

बरं, फायबरही एकट्या तुमची नसते. घरोघरी फायबर देण्याची जी जीपॉन नावाची पद्धत सर्रास वापरतात, तिच्यात एका फायबरवर साधारण अडीच जीबीपीएस येतात आणि स्प्लिटर लावून ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. कच्चं चित्र पाठवायचं ठरवलं, तर जेमतेम दोन घरांनी मॅच लावली की फायबर संपली!

प्रत्यक्षात मात्र फुल एचडी व्हिडिओ साधारण ५ एमबीपीएसमध्ये आरामात चालतो. म्हणजे मूळ चित्राचा अडीचशेवा भाग. मग बाकीचं कुठे गेलं? ते पाठवलंच जात नाही. काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे गणित ठरवतं. त्या गणिताच्या मुळाशी जी कल्पना आहे, ती पहिल्यांदा छापून आणणाऱ्यांमध्ये कोसंबी होते. साल होतं १९४३.

गोवा, हार्वर्ड, पुणे

दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातला. वडील धर्मानंद कोसंबी म्हणजे पाली आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. दीक्षाभूमीच्या पुस्तकांच्या स्टॉलवर 'भगवान बुद्ध' हे पुस्तक पाहिलंय ना? त्याचे लेखक हेच. बुद्धाच्या शोधात घर सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश पालथे घातलेला हा माणूस. शेवटचे दिवस त्यांनी आपल्याच विदर्भात काढले. जून १९४७ मध्ये सेवाग्रामला उपोषण करत त्यांनी देह ठेवला.

हार्वर्डला पाली ग्रंथांच्या कामासाठी धर्मानंदांना बोलावणं आलं, तेव्हा १९१८ मध्ये ११ वर्षांचा दामोदरही त्यांच्यासोबत अमेरिकेला गेला. शाळा तिथली, कॉलेज तिथलं. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेतली, तीही सर्वोच्च श्रेणीत. गणित तर होतंच, सोबत कितीतरी युरोपीय भाषाही येत होत्या.

आता तुम्ही म्हणाल, अशी डिग्री हातात असल्यावर माणूस तिथेच सेटल होणार. कोसंबी परत आले. आधी बनारस, मग अलीगढ आणि १९३३ पासून पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. पुढची बारा-एक वर्षं ते तिथे गणित शिकवत होते. १९३४ मध्ये रामानुजन पुरस्कार मिळाला.

वक्तशीर, तापट, कुणाचीही भीडभाड न ठेवणारा माणूस. जे विषय इतरांनी वेगवेगळ्या कपाटांत ठेवले होते, ते हा एकाच टेबलावर पसरून बसायचा. हजारो जुनी चांदीची नाणी त्यांनी एकेक करून तराजूत तोलली. कशाला? नाणं जितकं जास्त हाताळलं जाईल तितकं झिजेल, वजन घटेल. मग वजनाच्या आकडेवारीवरून नाणं किती काळ बाजारात फिरलं याचा अंदाज बांधता येईल. इतिहासाच्या प्रश्नाला संख्याशास्त्राचं उत्तर!

१९४३ चा तो लेख

महायुद्ध सुरू होतं. परदेशी नियतकालिकांशी संपर्क जवळपास तुटला होता. अशा वेळी इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात कोसंबींचा एक लेख आला. वक्ररेषांचं संख्याशास्त्र, असा त्याचा विषय.

घाबरू नका, हे नागपूरच्या उन्हावरून समजतं. वर्षभर रोज तासा-तासाचं तापमान टिपलं, तर ३६५ आलेख तयार होतील. एकही दुसऱ्यासारखा नसेल. पण नीट पाहिलं तर सगळ्यांत एक मुख्य आकार दिसेल. पहाटे खाली, दुपारी वर, रात्री पुन्हा खाली. त्यानंतर दुसरा, लहान आकार सापडेल. दुपारी ढग आले की रेषा कशी दबते, तो. मग तिसरा, आणखी लहान. आता कुठलाही एक दिवस सांगायचा तर २४ आकडे द्यायची गरज नाही. पहिला आकार किती, दुसरा किती, तिसरा किती, एवढं सांगितलं की दिवस बऱ्यापैकी उभा राहतो. उरलेले बारीकसारीक आकार सोडून दिले तरी फारसं बिघडत नाही.

वरवर अस्ताव्यस्त दिसणाऱ्या गोष्टीचे असे आकार शोधायचे, महत्त्वाप्रमाणे ओळीने लावायचे आणि थोडक्या आकड्यांत ती गोष्ट मांडायची. कोसंबींच्या लेखाचा गाभा हा. फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रान्सचे लोएव यांनी पुढच्या काही वर्षांत स्वतंत्रपणे हेच गणित मांडलं. जगाने त्याला नाव दिलं कारहुनेन-लोएव. पुण्याच्या प्रोफेसरांचा लेख भारतातल्या नियतकालिकात होता, युद्धाच्या धामधुमीत निघालेला. फार कुणी वाचलाच नाही.

तिथून तुमच्या स्क्रीनपर्यंत

या गणिताची एक अडचण होती. प्रत्येक चित्रासाठी त्याचे खास आकार नव्याने शोधायला लागायचे आणि कॉम्प्युटरला ते जड जायचं. उपाय शोधला तोही भारतात जन्मलेल्या एका इंजिनिअरने. बंगळूरूचे नासिर अहमद. अमेरिकेत शिकवत असताना त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत १९७४ मध्ये एक लेख छापला. त्यांनी दाखवलं, की दर वेळी नवे आकार शोधू नका. कोसाइनच्या ठरलेल्या लाटा वापरा, उत्तर त्या आदर्श गणिताच्या अगदी जवळ येतं आणि झटपट येतं. याला डीसीटी म्हणतात. फोनमधला जेपेग फोटो याच्यावर चालतो. आज नेटवर सर्वाधिक दिसणाऱ्या व्हिडिओ फॉरमॅटमध्येही हाच किंवा याचाच जवळचा भाऊ असतो. जोडीला आणखी एक युक्ती असते. आधीच्या फ्रेमपेक्षा जे बदललं तेवढंच पाठवायचं.

आता चौकोनांचं कोडं सुटतं. चित्राचे छोटे-छोटे चौकोन पाडलेले असतात, जेपेगमध्ये ८ बाय ८ ठिपक्यांचे. प्रत्येक चौकोनात कोणती लाट किती, एवढंच लिहिलं जातं. नेट भरपूर असेल तर बारीक लाटाही येतात. मग गवताचं पातंही दिसतं. नेट आटलं की बारीक लाटा आधी टाकल्या जातात. फारच आटलं, तर चौकोनात नुसता एक सपाट रंग उरतो. तोच तुमचा चौकोनी बॅट्समन!

आणि हे कोण ठरवतं? व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याच्या हलक्या-भारी प्रती सर्व्हरवर ठेवलेल्या असतात. मागचा तुकडा किती वेगात आला ते पाहून तुमचा प्लेअर पुढची प्रत मागतो. मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हीच सोय कामी आली. नेटवरचा भार हलका करायला मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइल नेटवर्कवर काही काळ एचडी बंद करून ४८० पर्यंतचंच चित्र दिलं. चित्र खालावलं, पण चालू राहिलं.

कोसंबींचं पुढे काय झालं?

टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये सुरू झाली आणि होमी भाभांनी लवकरच कोसंबींना गणितासाठी बोलावून घेतलं. घर पुण्यात, नोकरी मुंबईत. डेक्कन क्वीनने जा-ये सुरू झाली. १९४८-४९ मध्ये ते इंग्लंड-अमेरिकेला जाऊन आले. तेव्हा नुकत्याच जन्मलेल्या इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रांचा अभ्यास हा त्या दौऱ्याचा एक हेतू होता. १९५६ मध्ये भारतीय इतिहासावरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं आणि राजांच्या सनावळ्यांऐवजी नांगर, नाणी, शेती, व्यापार यांच्यावरून इतिहास वाचायची सवय अभ्यासकांना लागली.

पण सगळं गोड नव्हतं. अणुऊर्जेपेक्षा भारताने सौरऊर्जेवर जोर द्यावा, असं ते उघडपणे मांडायचे. तेही अणुऊर्जा कार्यक्रमाचे शिल्पकार ज्या संस्थेचे प्रमुख, तिथेच नोकरी करत असताना! १९५९ मध्ये त्यांनी गणितातल्या अतिशय अवघड अशा रीमान प्रश्नाचं उत्तर मिळाल्याचा दावा केला, आणि तोही शेती संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. गणितज्ञांना तो पटला नाही. नाव खराब झालं. १९६२ मध्ये संस्थेने करार वाढवला नाही. पुढे पुण्यातल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत त्यांना जागा मिळाली. २९ जून १९६६ ला झोपेतच ते गेले. वय फक्त ५८.

कोसंबींनी व्हिडिओ कॉम्प्रेशन शोधलं, असं कुणाला सांगत सुटू नका. ते खरं नाही. त्यांच्यासमोर व्हिडिओ नव्हता, आणि अहमद यांच्यापर्यंत ही कल्पना पोचली ती कारहुनेन-लोएव या नावाने. पण फर्ग्युसनच्या एका प्रोफेसरने युद्धाच्या काळात जे कागदावर मांडलं, तेच गणित आपल्या स्क्रीनच्या तळाशी आहे, हे मात्र शंभर टक्के खरं.

मग नेटवाल्या भाऊचं काय?

आता हिशेब कळलाय, तर भांडणही हिशेबाने करा. सरकारच्या २०२३ च्या व्याख्येप्रमाणे २ एमबीपीएस मिळालं तरी त्याला ब्रॉडबँड म्हणता येतं. एचडीला लागतात साधारण ५, आणि चौघांनी चार स्क्रीन लावल्या तर २०. जाहिरातीत 'पर्यंत' हा शब्द शोधा. १०० पर्यंत म्हणजे कायम १०० नव्हे.

चित्र बिघडलं की लॅपटॉपला राउटरची केबल थेट लावून स्पीड बघा. केबलवर स्पीड नीट आणि वाय-फायवर कमी असेल, तर दोष भिंतींचा नाहीतर राउटरच्या जागेचा. राउटर हॉलच्या मध्यावर आणा, जवळच्या खोलीत ५ गीगाहर्ट्झ वापरा. केबलवरही रात्रीच स्पीड पडत असेल आणि सकाळी ठीक असेल, तर नेटवाल्याने जेवढी घरं जोडलीत त्या मानाने पुढची क्षमता घेतलेली नाही, अशी दाट शंका घ्या. सलग चार-पाच दिवस रात्रीचे आणि सकाळचे आकडे लिहा, मग फोन करा. समोरच्याला आकड्यांशी वाद घालणं जड जातं.

आणि इंजिनिअरिंगवाल्यांनो, तुमच्यासाठी एक छोटं काम. सिग्नल प्रोसेसिंगच्या पुस्तकात केएलटी असं एक प्रकरण येईल. त्यात के म्हणजे कारहुनेन, एल म्हणजे लोएव. अलीकडे काही अभ्यासक त्या नावाआधी कोसंबींचंही नाव जोडतात. तुमच्या पुस्तकात ते नसेल, तर त्या केच्या आधी पेन्सिलने आणखी एक के लिहून ठेवा.