कानाच्या डॉक्टरचा मुलगा कानामुळेच गेला

सुरत : उधना, लिंबायत भागात आपली खानदेशी माणसं पुष्कळ. कान वाहायला लागला की लसणाचं कोमट तेल टाकायचं, कापूस कोंबायचा आणि ड्युटीवर जायचं, ही सवय अजून गेलेली नाही. त्यांच्यासाठी ही ऑस्कर वाइल्डची गोष्ट.

वाइल्डचा जन्म १६ ऑक्टोबर १८५४ चा, आयर्लंडमधल्या डब्लिनचा. वडील सर विल्यम वाइल्ड कानाचे नावाजलेले सर्जन. कानामागे सूज आली की तिथे चीर देऊन पू काढायची त्यांची पद्धत त्यांच्याच नावाने ओळखली जाई. १८५३ मध्ये त्यांनी कानाच्या रोगांवर ग्रंथही लिहिला. १८७६ मध्ये ते वारले.

मुलगा लेखक झाला. १८८८ मध्ये त्याचं 'हॅपी प्रिन्स' हे गोष्टींचं पुस्तक आलं. १८९५ मध्ये लंडनात त्याची नाटकं जोरात चालू होती. त्याच वर्षी समलैंगिक संबंधांच्या आरोपावरून दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. तुरुंगात तो पडला आणि उजव्या कानाला मार बसला, असं सांगतात. कान वाहत होता, ऐकू कमी येत होतं. उपचार मिळावेत म्हणून त्याने सरकारकडे अर्जही केला.

१८९७ मध्ये सुटला, पण पैसा आणि मान दोन्ही गेले होते. १० ऑक्टोबर १९०० ला पॅरिसच्या हॉटेलातल्या खोलीतच कानाचं ऑपरेशन झालं. थोडं बरं वाटलं, मग डोकं दुखू लागलं, शुद्ध हरपू लागली. ३० नोव्हेंबरला तो गेला. वय अवघं ४६. सिफिलिसने गेला असं बरीच वर्षं म्हटलं गेलं. पण कानातला संसर्ग मेंदूपर्यंत गेला, असं मत पुढे डॉक्टरांनी मांडलं.

मधला कान आणि मेंदू यांच्यामध्ये हाडाचा पातळ पडदा असतो. जुना पू ते हाड कुरतडतो. मग मेंदूज्वर होतो, नाहीतर मेंदूत गळू होतं. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं, ते १९२८ मध्ये सापडलं. आज औषधं आहेत, ऑपरेशन आहे.

म्हणून घाण वासाचा पू येत असेल तर तेल टाकू नका, कानाच्या डॉक्टरकडे जा. सोबत ताप, जोराची डोकेदुखी, उलटी, चक्कर, कानामागे सूज किंवा तोंड वाकडं झालं, तर सुट्टीची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.