मोबाइल टॉवरच्या लहरींची भीती किती खरी? जगदीशचंद्र बोस यांच्या १८९५ च्या प्रयोगातून समजून घ्या

अहिल्यानगर : पारनेर असो की अकोले, टॉवर म्हटलं की रेडिएशनची चर्चा आलीच. या लहरींवर भारतात सुरुवातीला काम केलं ते जगदीशचंद्र बोस यांनी. जन्म १८५८ चा. प्रेसिडेन्सी कॉलेजात भारतीय म्हणून पगार कमी, म्हणून त्यांनी तीन वर्षं पगारच घेतला नाही!

१८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवली, बारूद पेटवली. पण बारूद लहरींच्या उष्णतेने पेटली नव्हती. लहर पोहोचताच रिसीव्हरचं सर्किट जोडलं गेलं, बाकी काम बॅटरीच्या विजेचं. गैरसमज इथेच होतो.

बोस यांनी ५ मिलिमीटरपर्यंतच्या लहरी तयार केल्या, म्हणजे सुमारे ६० गिगाहर्ट्‌झ. एवढ्या लहरीतही अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा नसते. तीव्रता फार वाढली तर ऊती तापतात, मर्यादा त्यासाठीच. भारताने २०१२ मध्ये टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मात्र २०११ मध्ये या लहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकल्या. म्हणजे धोका सिद्ध नाही, शंका मिटलेली नाही.

बोस पुढे वनस्पतींच्या संशोधनाकडे वळले. १९१७ मध्ये त्यांनी कोलकात्यात संशोधन संस्था काढली. १९३७ मध्ये गिरिडीह येथे त्यांचं निधन झालं.