ला व्हर्नाच्या कड्यावरील विसावा

इटलीतील टस्कनी प्रांतात, आपेनाइन पर्वतरांगेत, ला व्हर्ना नावाचा एक डोंगर आहे. सरळ तुटलेले कडे, खडकांमधील खोल भेगा आणि भोवती दाट अरण्य. १२१३ साली काउंट ओर्लांडो या सरदाराने हा डोंगर आसिसीच्या फ्रान्सिस यांना दिला. स्वतःच्या मालकीचे छप्परही नको म्हणणाऱ्या या भिक्षूने डोंगराची देणगी मात्र स्वीकारली, याचे प्रथम नवल वाटते. त्यांची तोवरची धावपळ पाहिली म्हणजे ते उरत नाही.

कापडाच्या धनिक व्यापाऱ्याचा हा मुलगा ऐन तारुण्यात घरदार सोडून कुष्ठरोग्यांच्या सेवेला लागला. १२०९ मध्ये पोप तिसरे इनोसंट यांची संमती घेण्यासाठी ते रोमला गेले, तेव्हा त्यांच्यासोबत जेमतेम डझनभर माणसे होती. दहा-बारा वर्षांत ही संख्या हजारांवर गेली. गावोगाव पायी हिंडावे, चौकात उपदेश करावा, मिळेल ते खावे, असा त्यांचा क्रम असे. श्रद्धाळू लोक त्यांच्या झग्याचे तुकडे कापून नेत!

हे सारे सोडून कायमचे एकांतात प्रार्थनेला बसावे काय, हा प्रश्न त्यांना छळत असे. चरित्रकार सांगतात की, हा निर्णय त्यांनी स्वतः घेतला नाही. शिष्या क्लारा आणि बंधू सिल्व्हेस्टर यांच्याकडे त्यांनी तो सोपविला. दोघांचेही उत्तर एकच आले : लोकांत जावे. फ्रान्सिस त्याच क्षणी वाटेला लागले.

एकांताची ओढ मात्र संपली नाही. आसिसीजवळच्या सुबासिओ डोंगरातील गुहांमध्ये ते अधूनमधून जाऊन राहत. एकांतवासासाठी त्यांनी लिहिलेली छोटीशी नियमावली तर फार मनोज्ञ आहे. तीन, फार तर चार बंधूंनी एकत्र राहावे. त्यांतील दोघांनी आई व्हावे, उरलेल्यांनी मुले. आयांनी बायबलातील मार्थेप्रमाणे कामधाम पाहावे, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दूर ठेवावे. मुलांनी मरीयेप्रमाणे प्रार्थनेत राहावे. आणि काही काळाने भूमिका बदलाव्यात. एकाचा विसावा दुसऱ्याच्या कष्टावर उभा असतो, हे ओळखून त्या कष्टाचीही पाळी लावणारा हा संत मला त्यांच्या चमत्कारांपेक्षा अधिक जवळचा वाटतो.

१२१९ मध्ये धर्मयुद्ध चालू असतानाच ते इजिप्तच्या सुलतानाला भेटून आले. परतले ते डोळ्यांचा विकार घेऊन. इकडे संघात मतभेद माजले होते. दारिद्र्याचे कडक व्रत अनेकांना जड जात होते. १२२० मध्ये फ्रान्सिस यांनी संघाची सूत्रे दुसऱ्याच्या हाती दिली. आपणच उभे केलेले कार्य आपल्या मनासारखे राहिलेले नाही, हे शल्य मनात घेऊन १२२४ च्या उन्हाळ्यात ते बंधू लिओ आणि काही सोबत्यांसह ला व्हर्नावर चढले.

चाळीस दिवसांच्या उपवासाचा तो काळ. एक ससाणा म्हणे त्यांना मध्यरात्रीच्या प्रार्थनेसाठी ओरडून जागे करी. फ्रान्सिस आजारी असले, की तो उजाडेपर्यंत थांबे. सप्टेंबरमध्ये, पवित्र क्रुसाच्या सणाच्या सुमारास, ख्रिस्ताच्या जखमांसारखे व्रण त्यांच्या हातापायांवर आणि कुशीवर उमटले, असे परंपरा सांगते. म्हणजे हा विसावा सुखाचा नव्हता. तरीही त्याच दिवसांत त्यांनी ईश्वरस्तुतीच्या ओळी लिहिल्या आणि खिन्न झालेल्या लिओसाठी त्याच चर्मपत्राच्या पाठीमागे आशीर्वाद लिहून दिला.

सप्टेंबरअखेर ते डोंगर उतरले. चालवत नव्हते, म्हणून गाढवावर बसून निघाले. वाटेतल्या गावांत पुन्हा तीच गर्दी. पुढचे काही महिने गाढवावरूनच उपदेश चालू राहिला. १२२५ मध्ये, जवळजवळ अंधत्व आलेले असताना, त्यांनी सूर्य, वारा, पाणी यांना भावंडे मानणारे आपले प्रसिद्ध स्तोत्र उंब्रियाच्या लोकभाषेत रचले. ३ ऑक्टोबर १२२६ रोजी आसिसीजवळ त्यांचे निधन झाले.

लिओ त्यांच्यामागे चाळीसहून अधिक वर्षे जगले. ते चर्मपत्र त्यांनी घडी घालून जन्मभर जवळ बाळगले आणि ते कसे मिळाले, याची नोंद त्यावर लाल शाईने करून ठेवली. घड्यांच्या खुणांसह ते आसिसीत जतन केलेले आहे.